वर्तकनगरचा पंधरावा

आमचे सर कुठल्याही शाळेत सर नव्हते. कोलशेतच्या एका कंपनीत ते स्टोअर सांभाळायचे. नट, बोल्ट, बेअरिंग, हातमोजे, साबण. खिडकीच्या आत सर आणि बाहेर अख्खी कंपनी. स्लिप आणली तर वस्तू मिळणार, नाही आणली तर मॅनेजरलाही तेच, "स्लिप कुठाय?" एकदा म्हणे शेडमध्ये धूर झालेला आणि सरांनी वाळूच्या बादल्यासुद्धा सही घेऊन दिलेल्या. खोटी असेल गोष्ट. पण ज्यानं सरांना पाहिलंय तो ही गोष्ट ऐकून हसत नाही, नुसती मान हलवतो.

सर गेले त्याला आता दीड वर्ष होईल. शोकसभेत चार जण बोलले, मलाही बोल म्हणाले, मी उठलो नाही. आता लिहितोय ते त्यांची थोरवी गायला नाही. थोर-बिर कोणी नव्हते ते, हट्टी म्हातारा होता. त्यांची एक ट्रॉफी होती. बावीस वर्षं एक वर्ष न चुकवता त्यांनी ती चालवली, आणि ती मी संपवली. ते ओकून टाकायचंय, एवढंच.

ट्रॉफी रग्बीची. आता वर्तकनगरात आणि रग्बी म्हटलं की लोक हसतात, हसा. आम्हीही हसलेलो. सर सकाळी पिशवीत तो अंड्याच्या आकाराचा चेंडू वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन निघायचे, वर कोथिंबिरीची जुडी. रोज कोणीतरी विचारायचंच, "काय हो, पपई कशी दिली?" सर थांबायचे, नीट उत्तर द्यायचे, "ही पपई नाही, हा चेंडू आहे. सहा वाजता मैदानावर या, दाखवतो." वीस वर्षं तोच प्रश्न आणि वीस वर्षं तेच उत्तर, आणि एकदाही वैतागले नाहीत. त्यातले पाच-सहा जण खरंच मैदानावर आले. त्यातला एक पुढे आमचा फुलबॅक झाला, म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहणारा.

हा खेळ सर कुठे शिकले? तर कुंपणाबाहेर. तरुणपणी कंपनीच्या कामानं फोर्टात जायचे, तिथल्या एका मैदानावर साहेबी पोरं खेळायची. आत जायला मेंबर असावं लागायचं. सर दोन पावसाळे बाहेर जाळीला नाक लावून उभे राहिले, वहीत नियम उतरवून घेतले, आणि कोणीतरी टाकून दिलेला फाटका चेंडू चांभाराकडून शिवून घेतला. पुढे परीक्षा देऊन रीतसर रेफरी झाले, पण नियम सांगताना बोटं अशी वाकवायचे, जणू समोर अजून जाळी आहे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, एकदा ते दाखवलं, तेव्हापासून मला ते दिसायला लागलं.

मी चौदा वर्षांचा असताना त्यांना रेशनच्या रांगेत भेटलो. तेव्हा माझं वजन ब्याऐंशी किलो होतं. कॉलनीत मला 'रोड रोलर' म्हणायचे. क्रिकेटमध्ये मला अंपायर करायचे, कबड्डीत तर तेही नाही. मी पिशवी घेऊन उभा, आणि हा किडकिडा माणूस मागून माझ्या खांद्यांकडे बघतोय. मग पुढे आला आणि म्हणाला, "अहो, आपलं नाव काय?" मला अहो! माझ्या बापाला कोणी अहो म्हणत नव्हतं. म्हटलं, ह्याला कोणीतरी दुसराच हवाय.

"उद्या सकाळी सहाला मैदानावर या," सर म्हणाले. "आपल्यासारखे दोन लागतात मला. एकच आहे."

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "कशाला? वजन ढकलायला?" तिनं चेष्टेत म्हटलेलं, पण काम तेच होतं. रग्बीत स्क्रम असतो. दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून, खांद्याला खांदा लावून, समोरच्यांच्या मानांमध्ये माना घुसवून ढकलतात. पहिल्या ओळीत दोन टोकांना दोन प्रॉप, म्हणजे टेकू. मी टेकू झालो. त्या दिवसापासून सर मला नावानं हाक मारायचे बंद झाले. "अहो प्रॉप" म्हणायचे. माझ्या लग्नातही स्टेजवर येऊन हेच म्हणाले, माझ्या सासूला वाटलं आमच्या घराण्याचं नाव असेल.

ते सगळ्या पोरांना अहो-जाहो करायचे. अरे-तुरे करायचे ते जगात एकाच माणसाला, कल्याणजवळच्या मोहने गावच्या दादांना. दादा मोहन्याच्या रेयॉन कंपनीत लेथवर टर्नर होते, कंपनी बंद झाली तरी राहायचे तिथेच कंपनीच्या लाईनीत. घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि फोटोखाली मायक्रोमीटर, रोज पुसलेला. दोघांची गाठ पडलेली कुठल्याशा कंपन्यांच्या रस्सीखेच स्पर्धेत. दोर कुठल्या स्टोअरमधून आला, त्याची नोंद कुठाय, यावरून सरांनी फायनल पाऊण तास थांबवलेली. दादा म्हणायचे, "त्या दिवशी ठरवलं, ह्या स्टोअरला एकदा तरी जमिनीवर लोळवायचा. म्हणून मी मोहन्यात रग्बी काढली. मला काय रग्बीचं पडलेलं रे!" दादा सरांना 'स्टोअर' म्हणायचे, सर दादांना 'लेथ'. दोन म्हातारे दर रविवारी फोनवर तासभर भांडायचे.

तर ट्रॉफी ही ह्या दोन क्लबांची. मोहने आणि वर्तकनगर, दोघांतच. दरवर्षी सव्वीस जानेवारीनंतरचा रविवार, एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. चषक दादांनी स्वतः बनवला, भंगारात घेतलेल्या पंपाच्या गनमेटलमधून. सरांनी त्या भंगाराची पावती मागितली, ती मिळेपर्यंत चषकाला हात लावू दिला नाही. बनवायचा होता कप, झाली कळशी. अकरा किलोची. दादा म्हणायचे, "कापलं तर अजून बारीक होईल, पण माल वाया जातो." म्हणून तशीच ठेवली. तिला सगळे कळशीच म्हणायचे.

आणि नियम सरांचे. कळशी हरणाऱ्यानं घरी न्यायची. हो, हरणाऱ्यानं. "जिंकलेल्याला आठवण कशाला लागते?" सर म्हणायचे. "त्याला आठवतंच. हरलेल्याकडे असावी, म्हणजे तो पुढच्या वर्षी येतो." ज्याच्या चुकीनं मॅच गेली त्याच्या घरी वर्षभर कळशी. ती चिंचेनं घासायची आणि पाहुण्याला दिसेल अशी ठेवायची. एक वर्ष माझ्या हातातून मोहन्याचा विंगर सुटला आणि कळशी आमच्याकडे आली. सर महिन्यातून एकदा न सांगता तपासणीला यायचे. आई चहा ठेवायची. सर कळशीसमोर स्टूल ओढून बसायचे, दहा मिनिटं ती फिरवून फिरवून बघायचे. मग "बुडाशी काळं राहिलंय" एवढं बोलून उठायचे. आई म्हणायची, "हा माणूस आपल्याकडे येतो की तिच्याकडे?" पण दुसऱ्या दिवशी बूड घासायची.

दुसरा नियम, पंधरा म्हणजे पंधरा. दोन्हीकडचे पंधरा उभे राहिले नाहीत तर मॅच नाही. आणि ज्या वर्षी मॅच नाही त्या वर्षी चषक कायमचा बंद, कळशी कापून अर्धी-अर्धी करायची. हे सरांनी पहिल्याच वर्षी लिहून दोघांच्या सह्या घेतलेल्या. दादांनी तेव्हा विचारलेलं, "अरे स्टोअर, इतकं कशाला टोकाचं?" सर म्हणाले, "टोकाचं नसेल तर लोक येत नाहीत."

एकदा कुठल्यातरी संघटनेचे एक साहेब आलेले, चांगला माणूस होता, शूज-बिज घालून. म्हणाले, हल्ली सगळीकडे सात जणांचं रग्बी चालतं. चौदा मिनिटांत मॅच संपते, लोक बघतात, तुम्हाला कपडे देतो, मैदान देतो. आमच्या तोंडाला पाणी सुटलेलं, आमच्या जर्सी काकू हातानं शिवायच्या. सरांनी विचारलं, "सात जणांत ह्यांना घ्याल?" आणि माझ्याकडे बोट. साहेब माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, "सातांत स्पीड लागतो." सर म्हणाले, "मग नको. पंधरांत जाड्याला जागा आहे, बुटक्याला जागा आहे, हळू पळणाऱ्याला जागा आहे. सातांत फक्त हरणं उरतात. हरणांना सगळेच घेतात." साहेब गेले. फुकटचे कपडे गेले म्हणून आमचा कॅप्टन दोन दिवस सरांशी बोलला नाही. मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन मोरीत नळ सोडून रडलो.

तिसरा नियम रेशन कार्डाचा. बाहेरचे भाडोत्री खेळाडू आणायचे नाहीत. ज्याचं नाव ज्या गावच्या रेशन कार्डावर, तो त्या गावचा. मॅचच्या सकाळी सर उलट्या क्रेटवर बसायचे आणि तीसच्या तीस कार्डं तपासायचे. ओरिजिनल. आधार चालत नसे, लाइट बिल चालत नसे. "आधार माणसाचं असतं, रेशन कार्ड चुलीचं असतं," म्हणायचे. "चूल कुठे आहे ते मला बघायचंय." हसायचो आम्ही. तेव्हा सगळ्यांच्या चुली एकाच कॉलनीत होत्या, हसायला काय जातंय.

प्रॅक्टिसनंतर आम्ही सरांच्या घरी जायचो, दोन खोल्यांचं घर. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू पातेलंभर पोहे करायच्या, मी त्यातले निम्मे खायचो. पोटभर खाऊन वर म्हणायचो, काकू मीठ कमी झालं. काकू म्हणायच्या, "उद्यापासून तूच करत जा." मी सरांच्या घरी किती वेळा जेवलो असेन त्याचा हिशोब नाही, माझी आई त्यावरून रुसायची.

पडायला शिकवताना सर म्हणायचे, "घाबरू नका, पडा. जमीन कुठे जात नाही." आमची गेली की. कॉलनीच्या इमारती रिडेव्हलपमेंटला निघाल्या. एकेक बिल्डिंग खाली होत गेली, लोक भाड्यानं पांगले. कोणी डोंबिवलीत, कोणी टिटवाळ्यात, कोणी दिवा-मुंब्र्याकडे. मैदानावर आधी बिल्डरच्या विटा आल्या, मग विटांच्या जागी मिक्सर. आम्ही गाड्यांच्या मध्ये स्क्रम लावायचो. भाड्यानं गेलेल्यांनी सोयीसाठी कार्डं बदलली, आणि सरांच्या नियमानं त्यातले कल्याणकडे गेलेले सहा जण मोहन्याचे झाले! आमचा स्वतःचा फुलबॅक आमच्याविरुद्ध खेळला. टॅकल करताना मला म्हणाला, "सॉरी रे, मुलीचं रेशन." सरांनी सगळ्यांसारखं त्याचंही कार्ड तपासलं, परत दिलं आणि म्हणाले, "नीट खेळा. आता तुमचा क्लब तो आहे."

सरांची बिल्डिंगही पडली. बिल्डरच्या भाड्यात डोंबिवलीला चांगला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळत होता, लिफ्ट-बिफ्ट असलेला. सर गेले नाहीत. वर्तकनगरातच एका पत्र्याच्या चाळीत एक खोली घेतली, का तर कार्ड हलू नये. काकूंचे गुडघे गेलेले, संडास बाहेर. मी काकूंना म्हटलं, तुम्ही काही बोलत कशा नाही? काकू म्हणाल्या, "ह्यांना दुसरं काय आहे रे? एक कळशी तर आहे." मला तेव्हा सरांचा मनापासून राग आलेला. आजही येतो.

होता होता आम्ही पंधराच उरलो. मोजून पंधरा. मीही तोपर्यंत कल्याणला भाड्यानं गेलेलो, पण कार्ड वर्तकनगरचंच ठेवलेलं. सरांनी मला कधी विचारलं नाही. पण नोव्हेंबरात भेटले तेव्हा म्हणाले, "अहो प्रॉप, तुम्ही पंधरावे." त्यात सगळं आलं.

आणि डिसेंबरात माझ्या मुलीची शाळा आली. शाळा म्हणाली, भाडेकरार चालणार नाही, कल्याणचं रेशन कार्ड आणा. बायको म्हणाली, "तुला मुलीची शाळा महत्त्वाची की ती कळशी?" मी अर्धा दिवस सुट्टी टाकून तिघांचं कार्ड कल्याणला करून घेतलं. खिडकीतून बाहेर येताना मला आठवलं. शपथेवर सांगतो, विसरलो-बिसरलो नव्हतो. आठवलं, आणि मी स्वतःला म्हटलं, बघू, म्हातारा काय कोर्टात जाणार आहे? जुन्या कार्डाची झेरॉक्स होती माझ्याकडे, लॅमिनेशन केलेली.

सरांना सांगायला हवं होतं. किती वेळा फोन हातात घेतला. पण काय सांगणार? तुमचा पंधरावा मी, आणि मी आता तुमचा नाही? सहाफुटी गडी मी, स्क्रममध्ये मान मोडायची भीती वाटली नाही कधी, आणि त्या किडकिड्या माणसाला एक फोन करायला माझी फाटली.

रविवार आला. त्या वर्षी मॅच मोहन्यात होती, नदीच्या बाजूच्या मैदानावर. सर क्रेटवर. एकेक जण कार्ड देतोय, सर उघडतायत, मिटतायत. माझी पाळी आली. मी झेरॉक्स पुढे केली.

"ओरिजिनल शाळेत जमा आहे, सर. मुलीच्या ॲडमिशनला," मी म्हटलं. बघा, खोटंसुद्धा धड नव्हतं, अर्धं खरं मिसळलेलं.

सरांनी झेरॉक्स दोन्ही हातांत धरली. मला वाटलं आता बोंबलणार, स्लिप कुठाय म्हणणार. बाजूला दादा उभे होते, त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं असावं. म्हणाले, "ए स्टोअर, खेळू दे ना त्याला. आमचे पंधरा सकाळपासून तापून बसलेत." सरांनी वर माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "नाही सर."

"बरं," सर म्हणाले. "जा. उभे राहा."

सुटलो! माझ्या मनात खरंच हेच आलं, सुटलो. आणि अशी मॅच झाली म्हणून सांगू! त्या दिवशी माझे पाय वीस वर्षांचे झालेले. आयुष्यात मी कधी ट्राय केला नव्हता, ट्राय म्हणजे चेंडू रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा. प्रॉपच्या नशिबात तो येत नाही, ढकलून ढकलून शेवट दुसऱ्यानंच टेकवायचा असतो. त्या दिवशी शेवटच्या पाच मिनिटांत रेषेपाशी ढीग झाला, सगळे एकमेकांवर, आणि चेंडू माझ्या पोटाखाली आला. मी नुसता पुढे पडलो. शिट्टी वाजली. सहा वर्षांनी वर्तकनगर जिंकलं! पोरांनी मला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, सगळेच पडले. आम्ही आणलेली कळशी हरलेल्या मोहन्याकडे राहिली. मी सरांकडे पाहिलं. सर टाळ्या वाजवत होते, पण बसूनच.

पुढच्या रविवारी दादांचा फोन आला. एरवी फोनवर शिवीनं सुरुवात करणारा माणूस, त्या दिवशी आवाजच नव्हता. "ये जरा इकडे," म्हणाले.

मी मोहन्याला गेलो. दादांच्या पडवीत व्हाईस होता आणि व्हाईसमध्ये कळशी धरलेली. बाजूला करवत. स्टुलावर सरांची वही उघडी. सर सकाळी येऊन गेलेले. मी वही वाचली. दरवर्षीसारखी तारीख, आणि पुढे सरांच्या स्वच्छ अक्षरात: 'वर्तकनगरचे चौदा. सामना झाला नाही. चषक बंद.' खाली सही.

"मी लय सांगितलं," दादा म्हणाले. "म्हटलं, अरे, मी हरलोय, मी ओरडत नाही, तू कशाला ओरडतोस? तर म्हणतो, लेथ, चौदा होते. म्हटलं, मग मैदानावर का नाही सांगितलंस? तर म्हणतो, त्याला तीस जणांसमोर उघडं पाडायचं नव्हतं."

"त्यांना कसं कळलं?"

"तुमच्या रेशनवाल्यानं डिसेंबरातच सांगितलेलं त्याला. ते पैलवानाचं कार्ड कल्याणला गेलं म्हणून."

मी दादांना म्हटलं, नका कापू. कोण बघायला येतंय? दादा माझ्यावर असे खेकसले! "मी सही केलीय त्यावर! तू केलीयस का कुठे सही?" मग करवत उचलली. स्वतः लेथवर चढवून बनवलेली वस्तू, बावीस वर्षं. गनमेटल सहज कापलं जात नाही. अर्धा तास कापत होते, मध्ये मध्ये थांबून डोळे पुसत होते आणि सरांना आईबहिणीवरून शिव्या देत होते. मी करतो म्हटलं तर हात लावू दिला नाही. कापून झाल्यावर कडा घासल्या, कोणाचा हात कापू नये म्हणून, आणि आमचा अर्धा भाग गोणपाटात बांधून माझ्या हातात दिला.

मी तो सरांच्या दारात नेऊन ठेवला. काकूंनी दार उघडलं, सर आत झोपलेले. मी थांबलो नाही. त्यानंतर सर दोनदा रस्त्यात भेटले. "अहो प्रॉप, वजन उतरलं का?" असं काहीतरी विचारलं, नेहमीसारखं. मी हसलो, घाई आहे म्हणालो आणि सटकलो. रोज ठरवायचो, ह्या रविवारी जाऊन पाय धरायचे. गणपतीच्या आधी सर गेले. झोपेत, हार्ट. खांदा द्यायला वर्तकनगरचे चौदाही आले आणि मोहन्याचे पंधराही आले. दादा तिरडीच्या बांबूला हात लावून उभे राहिले, उचलायला ताकद नव्हती.

महिन्यानं काकूंचा निरोप आला, घरी येऊन जा. गेलो. त्या पत्र्याच्या खोलीत काकू एकट्या, सगळं आवरून ठेवलेलं. गावी भावाकडे चाललेल्या. त्यांनी कपाटातून एक पाकीट काढलं आणि म्हणाल्या, "हे तुझं आहे. राहून गेलेलं."

मला वाटलं ट्रॉफीचे कागद असतील. आत रेशन कार्डात नाव वाढवण्याचा अर्ज होता. सरांच्या अक्षरात भरलेला. पहिलं नाव काकूंचं, दुसरं सरांचं, आणि तिसऱ्या ओळीत माझं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, जन्मतारखेसकट. पुढे नात्याचा रकाना, तो कोरा. खाली माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली.

"दुकानदारानं सांगितलं ना, त्याच दिवशी जाऊन घेऊन आले," काकू म्हणाल्या. "मला म्हणाले, पोरीची शाळा महत्त्वाचीच आहे. बायको-मुलगी राहतील कल्याणच्या कार्डावर, पहिलं नाव आता बाईचंच असतं, शाळेचं अडत नाही. तो एकटा आपल्यात येईल. नाहीतरी जेवायला आपल्याकडेच होता की तो."

"काकू, मग मला सांगितलं का नाही?"

"मी म्हणत होते रोज, फोन करा. तर म्हणायचे, असं कसं विचारू? त्याचे आईवडील आहेत. माझ्या घरचा हो, असं मी आपणहून कोणत्या तोंडानं सांगू? तो सांगायला येईल ना कार्ड बदललं म्हणून, तेव्हा देईन. महिनाभर वाट बघितली. मॅचच्या सकाळी खिशात घालून गेले. म्हणाले, आज सांगेलच. नुसती सही केली तरी मी त्याला पंधरावा धरीन, बाकीचं सोमवारी ऑफिसात करू."

मी अर्ज परत त्याच घड्यांवर दुमडला.

"संध्याकाळी घरी आले," काकू म्हणाल्या. "मी विचारलं, सांगितलं का त्यानं? तर म्हणाले, नाही, झेरॉक्स दिली. आणि चहाही न घेता झोपले."

काकू मला एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. पदरानं डोळे पुसले, उठल्या, स्टोव्ह पेटवला आणि विचारलं, "पोहे टाकते, खाऊन जाशील ना?" मी नाही म्हणालो. कसा बसणार होतो मी त्या घरात ताटावर?